गिटारचा पिकप घरच्या रेकॉर्डिंगला जोडताना: आवाज पातळ येतो तो बहुतेक इनपुटमुळे

इंदुरात घरी बसून गिटार रेकॉर्ड करायची म्हटलं की माइकचा पहिला शत्रू सकाळीच दारात येतो: कचऱ्याची गाडी, भोंग्यावरच्या गाण्यासकट. मे महिन्यात कूलर बंद करून खोलीत बसवत नाही. रामबागेत किंवा लोकमान्य नगरात भिंतीला भिंत लागलेली घरं, त्यामुळे शेजारच्या कुकरची शिट्टीही ट्रॅकवर येते. अनंत चतुर्दशीला झांक्या (सजवलेले चित्ररथ) निघतात त्या रात्री तर माइकचं नावच काढू नये. गिटारच्या आत बसवलेला पिकप मात्र लाकडाचं आणि तारांचं कंपन पकडतो. खोलीतल्या हवेतला आवाज त्याच्यापर्यंत जवळजवळ पोचतच नाही. कूलर चालू ठेवून स्वच्छ ट्रॅक मिळवायचा तर पिकपसारखा दुसरा मार्ग नाही.

तरीही बहुतेक लोक एकदा पिकप लावून बघतात आणि कंटाळून परत माइककडे वळतात. तक्रार ठरलेली असते: आवाज पातळ येतो, नाकातून बोलल्यासारखा येतो, खर्ज गायब होतो. मग पिकप बदलतात, तारा बदलतात, इक्वलायझरची बटणं फिरवत बसतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा हा प्रकार आहे. दहापैकी आठ वेळा पिकप ठीक असतो, चुकीच्या भोकात खुपसलेला असतो.

आधी आपल्या गिटारमध्ये काय आहे ते बघा. साउंडहोलमध्ये मोबाइलचा टॉर्च टाकून आत डोकावा. ब्रिजच्या खालून एक बारीक तार निघून जॅककडे गेली असेल, तर सॅडलखाली (ब्रिजवर तारा टेकतात त्या पट्टीखाली) पट्टीसारखा पिझो, म्हणजे कंपनाची वीज करणारा पिकप, आहे. ब्रिजच्या खाली लाकडाला दोन-तीन गोल चकत्या चिकटवलेल्या दिसल्या, तर तो साउंडबोर्ड पिकप. के अँड के प्युअर मिनी याच जातीचा आणि त्यात तीन चकत्या असतात. साउंडहोलमध्ये आडवी बसवलेली पट्टी असेल तर मॅग्नेटिक. गिटारच्या कुशीला बटणांचं पॅनल आणि ९ व्होल्टच्या बॅटरीची खोबण असेल तर आत प्रीअँप (सिग्नल वाढवणारं सर्किट) आहे, म्हणजे पिकप ॲक्टिव्ह. बॅटरी कुठेच नसेल तर पॅसिव्ह. हा एकच फरक पुढचं जवळजवळ सगळं ठरवतो.

आता पॅसिव्ह पिझोचं खरं दुखणं. पिझो विजेच्या दृष्टीने एखाद्या छोट्या कपॅसिटरसारखा वागतो, आणि कपॅसिटरची विजेचा भार साठवण्याची क्षमता म्हणजे कपॅसिटन्स. सॅडलखालच्या पट्टीची कपॅसिटन्स साधारण १ नॅनोफॅरडच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. ज्या इनपुटमध्ये आपण तो लावतो त्याचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा रोध) आणि ही कपॅसिटन्स मिळून एक फिल्टर तयार होतो आणि तो खालचे सूर कापतो. कुठून कापतो त्याचं गणित सोपं आहे: १ भागिले (२ × π × रोध × कपॅसिटन्स). आकडे घालून बघा. लॅपटॉपच्या माइकच्या भोकाचा इम्पिडन्स साधारण २ किलोओहम, म्हणजे कापणी सुरू होते ८०,००० हर्ट्झपासून. ऐकू येणारा सगळाच भाग उतारावर गेला, आणि जितकं खाली जाल तितका आवाज दर सप्तकाला ६ डेसिबलने घटत जातो. मिक्सरच्या लाइन इनपुटला १० किलोओहम धरले तर १६,००० हर्ट्झ. तिथेही तीच गत. ऑडिओ इंटरफेसच्या (गिटार कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीच्या) इन्स्ट्रुमेंट इनपुटला बहुधा १ मेगाओहम असतात, तिथे हा आकडा १५९ हर्ट्झवर येतो. १० मेगाओहम मिळाले तर १६ हर्ट्झ, म्हणजे गिटारच्या सगळ्या सुरांच्या खाली.

१५९ हर्ट्झ हा आकडा जरा निरखून बघा. मोकळी सहावी तार ८२ हर्ट्झवर वाजते, पाचवी ११० वर, चौथी १४७ वर. तिन्ही त्या रेषेच्या खाली आहेत. सहाव्या तारेचा मूळ सूर जवळपास ७ डेसिबलने दबतो, आणि तोही ‘योग्य’ इनपुटमध्ये लावल्यावर. म्हणून सॅडलखालचा पॅसिव्ह पिझो थेट इंटरफेसमध्ये लावला तर चालतो, पण अंगाने भरलेला येत नाही. गोल चकत्यांची गोष्ट वेगळी. बाजारात मिळणाऱ्या २७ मिलिमीटरच्या साध्या पिझो चकतीची कपॅसिटन्स २० नॅनोफॅरडच्या आसपास असते. १ मेगाओहमवर तिची कापणी ८ हर्ट्झला होते, आणि १० किलोओहमच्या लाइन इनपुटमध्येही ८०० हर्ट्झला. एका मित्राची साधी चकती मिक्सरमध्ये बरी वाजते आणि दुसऱ्याचा महागडा पिकप तिथेच कुंथतो, त्याचं कारण हेच.

तेव्हा पॅसिव्ह असो की ॲक्टिव्ह, सुरुवात यूएसबी ऑडिओ इंटरफेसने करा. लॅपटॉपच्या ३.५ मिलिमीटरच्या भोकात कन्व्हर्टर लावून काम भागवू नका. त्या भोकातून माइकसाठी थोडं व्होल्टेजही येत असतं, ते पिकपला नको आहे. इंटरफेसच्या पहिल्या इनपुटवर ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झी’ लिहिलेलं बटण असतं. काही मॉडेलवर ते सॉफ्टवेअरमधून चालू करावं लागतं. पॅसिव्ह पिकपला ते चालू हवंच. ॲक्टिव्ह पिकपला दोन्ही चालतं. प्रीअँपचा आउटपुट दणकट असेल आणि गेन शून्यावर असतानाही लाल दिवा लागत असेल तर लाइनवर टाका. ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माइकसाठी इंटरफेसमधून जाणारी वीज) बंद ठेवा. ती एक्सएलआरच्या, म्हणजे माइकच्या तीन पिनी जोडणीच्या, पिनांवर जाते, जॅकवर जात नाही, पण पिकपला तिची गरज नाही.

केबल मोनो हवी, टोकावर एकच काळी रिंग असलेली. यात एक सापळा आहे. ॲक्टिव्ह गिटारचा जॅक आतून स्टिरिओ असतो. मोनो प्लग आत गेला की त्याचा लांब धातूचा दांडा मधल्या पट्टीला आणि ग्राउंडला जोडतो, आणि त्या जोडणीतूनच बॅटरी चालू होते. तुम्ही दोन रिंगांची स्टिरिओ केबल लावली तर ही जोडणी होतच नाही. प्रीअँपला वीज मिळत नाही, आवाज एकतर येत नाही किंवा फाटका, मरतुकडा येतो. नवी बॅटरी घालूनही आवाज नसेल तर सगळ्यात आधी केबलचं टोक बघा. याच्या उलट, ज्या गिटारमध्ये पिकप आणि आतला माइक असे दोन उगम एकाच स्टिरिओ जॅकवर वेगवेगळे काढलेले असतात, तिथे एका स्टिरिओ टोकाचे दोन मोनो टोक करणारी वाय केबलच लागते. गिटारच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचून घ्या.

केबलची लांबी ३ मीटर पुरे. चांगल्या गिटार केबलची कपॅसिटन्स मीटरला साधारण १०० पिकोफॅरड. मॅग्नेटिक पिकपवर लांब केबल वरचे सूर खाते हे पुष्कळांना माहीत असतं. पिझोवर तसं होत नाही, तिथे एकूण आवाजच खाली येतो. १ नॅनोफॅरडच्या पट्टीवर ३ मीटर केबल २ डेसिबलच्या थोडं वर घेते, ६ मीटर ४ डेसिबल. मग तुम्ही गेन वाढवता आणि त्याबरोबर खरखरही वर येते. स्पीकरला लावायची जाड केबल कधीच वापरू नका, तिला शील्ड नसते.

पॅसिव्ह सॅडल पिझोला खर्ज परत मिळवून द्यायचा असेल तर मधे एक बफर हवा, म्हणजे पिकपवर भार न टाकता सिग्नल पुढे देणारं छोटं सर्किट. तयार प्रीअँप आणि डीआय बॉक्स मिळतात, घेताना फक्त इनपुट इम्पिडन्स १० मेगाओहम आहे ना ते बघा. ज्याला सोल्डरिंग येतं त्याने घरीच करावा असं माझं स्पष्ट मत आहे. सगळे पार्ट महाराणी रोडकडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळण्यासारखे आहेत: टीएल०७२ आयसी आणि आठ पायांचा सॉकेट, १० मेगाओहमचा एक रेझिस्टर, १०० किलोओहमचे तीन, १ किलोओहमचा एक, ०.१ मायक्रोफॅरडचा एक फिल्म कपॅसिटर, १० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचे दोन इलेक्ट्रोलिटिक, ९ व्होल्ट बॅटरीची क्लिप, एक स्टिरिओ आणि एक मोनो जॅक, आणि ॲल्युमिनियमची छोटी डबी.

जोडणी अशी. १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर बॅटरीचा प्लस आणि ग्राउंड यांच्या मधे ओळीने लावा. त्यांच्या मधल्या बिंदूवर ४.५ व्होल्ट मिळतात. तिथून ग्राउंडला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, प्लस बाजू मधल्या बिंदूकडे. त्या बिंदूपासून १० मेगाओहमचा रेझिस्टर आयसीच्या ३ नंबरच्या पायाला. गिटारचा सिग्नल ०.१ मायक्रोफॅरडमधून त्याच पायाला. २ आणि १ नंबरचे पाय एकमेकांना जोडा. १ नंबरपासून दुसरा १० मायक्रोफॅरड, त्याची प्लस बाजू आयसीकडे. त्याच्या पुढे १ किलोओहम आणि मग आउटपुट जॅक. कपॅसिटर आणि १ किलोओहमच्या मधल्या जागेवरून तिसरा १०० किलोओहम ग्राउंडला, म्हणजे केबल लावताना ‘ठप्प’ असा आवाज येणार नाही. आयसीचा दुसरा अर्धा भाग मोकळा सोडू नका: ५ नंबर मधल्या बिंदूला, ६ आणि ७ एकमेकांना. ८ नंबरला प्लस, ४ नंबरला ग्राउंड. बॅटरीचा मायनस इनपुटच्या स्टिरिओ जॅकच्या मधल्या पट्टीवर घ्या, म्हणजे प्लग काढला की बफर आपोआप बंद.

हा बफर ३ मिलिअँपच्या आसपास वीज घेतो, त्यामुळे चांगली अल्कलाइन बॅटरी शंभर तासांच्या वर टिकते. चुका होतात त्या दोन ठिकाणी. एक, प्लास्टिकची डबी: १० मेगाओहमच्या इनपुटला उघडं ठेवलं की ते घरातली सगळी ५० हर्ट्झची गुणगुण गोळा करतं. धातूची डबी घ्या आणि ती ग्राउंडला जोडा. दुसरी चूक जास्त छुपी. सोल्डरिंगनंतर बोर्डावर राहिलेला चिकट फ्लक्स ३ नंबरच्या पायाजवळ वीज झिरपवतो, आणि पावसाळ्याच्या दमट दिवसांत खरखर सुरू होते किंवा खर्ज पुन्हा पातळ होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन बोर्ड घासून स्वच्छ करा, कोरडा होऊ द्या, मगच डबी बंद करा. गिटार ते बफर ही केबल शक्य तितकी आखूड ठेवा. बफरच्या पुढे कितीही लांब गेलात तरी फरक पडत नाही.

पातळी लावताना गिटारच्या पॅनलवरचं इक्वलायझर मधोमध ठेवा, व्हॉल्यूम साधारण तीन-चतुर्थांश. आता गाण्यात जिथे सगळ्यात जोरात स्ट्रमिंग आहे तो भाग तितक्याच जोरात वाजवा आणि इंटरफेसचा गेन असा लावा की मीटरवरचा सर्वांत उंच ठोका उणे १२ ते उणे १० डेसिबलला थांबेल. पिझोचा पहिला ठोका फार टोकदार असतो, दिसायला सरासरी कमी वाटते म्हणून गेन चढवला की तोच ठोका फुटतो. रेकॉर्डिंग २४ बिटवर असेल तर पातळी कमी ठेवल्याने काही बिघडत नाही. जोरात वाजवल्यावरच फाटत असेल आणि मीटर लाल होत नसेल तर दोष गिटारच्या बॅटरीचा. प्लग लावलेला असताना मल्टीमीटरने मोजा, ७.५ व्होल्टच्या खाली असेल तर बदला.

आता गुणगुण. यावर इंदुरातल्या जुन्या घरांत सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पहिली चाचणी: लॅपटॉपचा चार्जर काढा. गुणगुण तिथेच थांबली तर दोषी चार्जर. दोन पिनच्या चार्जरमधून थोडी वीज झिरपून लॅपटॉपच्या ग्राउंडवर येते आणि तिथून केबलवाटे गिटारपर्यंत. तीन पिनचा, अर्थिंगवाला चार्जर असेल तर तो वापरा. पण बोर्डात तीन भोकं दिसतात म्हणून मागे अर्थिंगची तार आलेली असेलच असं नाही. वायरमनकडून तपासून घ्या: फेज आणि अर्थ यांच्यात २३० व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजेत, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात फार तर दोन-चार. अर्थिंगची पिन तोडून गुणगुण घालवणारे लोक भेटतात. तसं करू नका, जिवाशी खेळ आहे.

लॅपटॉप आणि पॉवर असलेले स्पीकर वेगवेगळ्या भिंतींवरच्या सॉकेटांवर असतील तर ग्राउंड लूप होतो, म्हणजे ग्राउंड दोन वाटांनी जोडलं जाऊन गुणगुण येते. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणा. पंख्याचा रेग्युलेटर गोल फिरणारा, पायऱ्या नसलेला असेल तर तो चरचर सोडतो. पंखा पूर्ण वेगाने ठेवा किंवा पायऱ्यांचा रेग्युलेटर बसवा. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर काम चालू ठेवलं आणि एकदम ‘झूंऽऽ’ सुरू झालं तर तो इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. अशा वेळी यूएसबीवरच चालणारा इंटरफेस आणि बॅटरीवरचा लॅपटॉप ही जोडी सगळ्यात स्वच्छ, कारण तुमच्या साखळीत घरची वीजच उरत नाही. गिटारच्या जॅकच्या धातूला हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल, तर दोष गिटारच्या आतल्या शील्डिंगचा किंवा सुटलेल्या ग्राउंडचा. जॅकची नट सैल होऊन आतली तार पिळवटून तुटते, हे फार वेळा होतं.

कॉम्प्युटरवर विंडोज असेल तर इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने पोचवणारा) टाका आणि रीपरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तोच निवडा. मॅकला वेगळा ड्रायव्हर बहुधा लागत नाही. ट्रॅक मोनो ठेवा आणि त्याला इनपुट १ द्या. गिटार एकाच कानात ऐकू येते ही तक्रार नेहमी स्टिरिओ इनपुट निवडल्यामुळे असते. सॉफ्टवेअरमधला बफर (वरचं सर्किट नव्हे, एका वेळी घेतला जाणारा आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पल, ४८ किलोहर्ट्झ: हे एका बाजूचे २.७ मिलिसेकंद झाले, येणं-जाणं धरून त्याच्या तिप्पट-चौपट. तेवढं हाताला जाणवत नाही. लॅपटॉप जुना असून कडकड आवाज येत असेल तर बफर ५१२ करा आणि ऐकण्यासाठी इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटर (गिटार थेट इंटरफेसमधून ऐकवणारी सोय) चालू करा. त्या वेळी सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येईल.

रेकॉर्ड झाल्यावर थोडीच मशागत लागते. ७० हर्ट्झच्या खालचं काढून टाका, सहाव्या तारेच्या खाली गिटारचं काही नसतं, असतो तो पायाचा आणि टेबलाचा धक्का. आवाज घुमत असेल तर २०० हर्ट्झच्या आसपास २–३ डेसिबल कमी. पिझोचा तो ‘क्वॅक’, प्लास्टिकच्या पट्टीवर नख मारल्यासारखा, १,५०० ते ३,००० हर्ट्झमध्ये राहतो. अरुंद पट्टा घेऊन हळूहळू सरकवा, जिथे सगळ्यात जास्त बोचतं तिथे ४ डेसिबलपर्यंत खाली आणा. वरच्या बाजूला १०,००० हर्ट्झला हलकासा उठाव पुरे. क्वॅक फक्त जोराच्या ठोक्यांवर येत असेल तर तो पिकपच्या आधी हातात आहे: पातळ पिक घ्या आणि ब्रिजपासून थोडं दूर वाजवा.

रात्री उशिरा गल्ली शांत झाल्यावर माइकही लावून दोन्ही मिसळायचे असतील तर बाराव्या फ्रेटसमोर ३० सेंटिमीटरवर माइक ठेवा आणि दोन वेगळ्या ट्रॅकवर घ्या. हवेतून आवाज ३० सेंटिमीटर यायला ०.८७ मिलिसेकंद लागतात, ४८ किलोहर्ट्झवर सुमारे ४२ सॅम्पल. एवढ्या फरकाने दोन्ही एकत्र केले की आवाज पोकळ होतो. एखादा ठोका मोठा करून बघा, दोन्ही ट्रॅकचे पहिले शिखर जुळवा, माइकचा ट्रॅक तेवढा डावीकडे, म्हणजे आधी, ओढा. मग एका ट्रॅकची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून बघा आणि ज्यात खर्ज जास्त भरतो ती ठेवा.

तारांतला आवाज असमान असेल, म्हणजे दुसरी तार दबलेली आणि बाकीच्या ठीक, तर सॉफ्टवेअरमध्ये इलाज नाही. प्रत्येक मोकळी तार सारख्याच जोराने छेडा आणि मीटर बघा. ३ डेसिबलहून जास्त फरक असेल तर सॅडलचा तळ सपाट नाही. तारा सैल करून सॅडल बाहेर काढा, स्टीलच्या पट्टीवर उभं धरून उजेडाकडे बघा, फट दिसेल. काचेवर २२० नंबरचा पॉलिशपेपर ठेवून सॅडल काटकोनात धरून सरळ घासा, दोन-चार फेऱ्याच. सॅडल खाचेत बोटांनी वर उचलता येईल इतपत बसायला हवं. घट्ट असेल तर तारांचा दाब खालच्या पट्टीपर्यंत पोचत नाही, सैल असेल तर पुढे झुकतं. पट्टी नव्याने घालत असाल तर तिच्या जाडीइतकं सॅडल तळातून कमी करा, नाहीतर तारा उंच होतील. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा कोरडी पडून वरची फळी किंचित खाली बसते, तारा फ्रेटला लागून झिणझिणतात, आणि ती झिणझिण पिझो माइकपेक्षा जास्त स्पष्ट पकडतो. तेव्हा मे महिन्यात अचानक आवाज बिघडला तर पिकपला हात लावण्याआधी ट्रस रॉड (गिटारच्या मानेतली वाक जुळवणारी सळई) आणि तारांची उंची बघा, आणि गिटार पेटीत ओलावा देणाऱ्या पाकिटासोबत ठेवा.

काम संपल्यावर आधी स्पीकरचा आवाज खाली घ्या आणि मग प्लग गिटारमधून काढा. इंटरफेसमधून काढून केबल गिटारला लटकत ठेवली तर प्रीअँप रात्रभर चालू राहतो आणि दुसऱ्या दिवशी बॅटरी गेलेली असते.